तापाचा माग माझ्यापर्यंत आला

मी शेळी बोलतेय. उस्मानाबादी, काळी, लांब कानांची. नाव बिजली. बीदरकडच्या मंठाळात श्रीपतरावांच्या परसात दाव्याला आहे, बाकीच्या जनावरांपासून लांब. जवळ आलात तर हात लावू नका. हे मीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरचे वडीलधारे वेळेवर काही सांगत नाहीत.

आम्ही एकाच कळपातल्या चौघी आठवडी बाजारातून या गावात आलो. तिघी दुसऱ्या घरी गेल्या, मी इथं. श्रीपतरावांची नात विजयश्री माझं पहिलं माणूस. आईबाप हैदराबादला कामाला, म्हणून ती आजी-आजोबांकडं वाढलेली. तुरीच्या कोवळ्या शेंगा ओढणीत लपवून आणायची आणि गणिताच्या सरांची नक्कल मला करून दाखवायची. दहावीनंतर बसवकल्याणच्या हॉस्टेलात राहून तिनं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या पोटात दुखायलाच लागलं.

ती दिवाळीला घरी आली तेव्हा मी गाभण होते. दिवस भरत आले होते, पण करडू मेलेलंच पडलं. विजयश्रीनं ते मांडीवर घेतलं, उघड्या हातांनी त्याचं नाक-तोंड पुसलं, फुंकर घालून बघितली. मी चाटत होते, ती रडत होती.

श्रीपतराव बायकोला म्हणाले, "नजर लागली. पुरून टाक, अन् कुणाला बोलू नको. शेळी बदनाम होईल."

मला पान्हा फुटलेलाच होता. त्यांनी धार काढली आणि फेसाळ पेला नातीपुढं धरला.

"अप्पा, उकळून पिते की."

"उकळलं की दुधातला जीव मरतो. पी गप. हॉस्टेलात वाळून गेलीस."

दुधात कुठला जीव होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण मी निदान छाती ठोकून सांगत नव्हते.

पुढं काही आठवड्यांनी ती हॉस्टेलातून तापानं फणफणत परत आली. संध्याकाळ झाली की ताप, अंगाला घामाच्या धारा, गुडघे-कंबर म्हातारीसारखी धरलेली. गोळीनं उतरायचा, पुन्हा चढायचा.

श्रीपतरावांचा निकाल तयारच होता. "हॉस्टेलचं पाणी हाय हे. शिकायला धाडली अन् आजार घेऊन आली. बास झालं कालेज. पुस्तकं माळ्यावर टाका. बरी झाली की स्थळ बघू."

"अप्पा, एकच वर्ष राहिलंय."

"तोंड वर करून बोलायलीस कामून?"

ती परसात येऊन माझ्या मानेवर कढत कपाळ टेकायची. मी हलायचे नाही. एवढंच मला येत होतं.

शेवटी बीदरच्या दवाखान्यात तिच्या रक्तात जनावरांकडून माणसाला येणारा जंतू सापडला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी शेळ्या आहेत का? म्हणून जनावरांच्या डॉक्टर पंचशीला आल्या, संतपूरकडच्या. माझं रक्त, दूध घेतलं, गावातल्या माझ्या सोबतिणींचंही घेतलं. घरात स्टीलचे पेले असून श्रीपतरावांनी त्यांना चहा कागदी कपात दिला. बाईंनी तो प्यायला, कप चेपला आणि आपल्याच पिशवीत टाकला.

निकाल घेऊन त्या परत आल्या, तेव्हा सगळे परसातच होते.

"प्रत्येक जंतूच्या अंगात चारच अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो, लाखो अक्षरं लांब," त्या म्हणाल्या. "मशीननं तो सगळा वाचला. तुमच्या नातीच्या रक्तातला अन् ह्या शेळीच्या दुधातला मजकूर जवळजवळ अक्षराला अक्षर जुळलाय."

श्रीपतराव हरतील कशाला! "मग पोरीनंच हॉस्टेलातनं आणला अन् शेळीला दिला!"

"हिच्यासंगट बाजारातनं आलेल्या तिघींतबी तोच निघालाय, मामा. त्या काय हॉस्टेलात शिकायला होत्या व्हय?"

विजयश्री खुदकन हसली. किती दिवसांनी.

मग आजी, कमलबाई, बोलल्या. "करडू आधी मेलं, ताप मागनं आला. मीच पुरलंय ते. तुमी म्हणलाव गप बस, बसले. आता न्हाई बसायची. पोरगी कालेजला जाणार."

म्हातारा भिंतीकडं बघत म्हणाला, "मग इकून टाकू हिला बाजारात." अक्कल तेवढीच.

"अन् दुसऱ्याच्या पोरीला हाच ताप द्यायचा?" पंचशीलाबाईंनी विचारलं. तेव्हाच ठरलं. मला विकायचं नाही, दवाखान्याची गाडी येऊन नेईल. माझ्यासारख्या शेळीवर औषध करत नाहीत, कायमचं झोपवतात.

मजकूर माझ्या अंगातला, पण मला वाचता येत नाही. तिच्या माथ्यावरचा दोष माझ्यावर आला, एवढं कळलं. वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र पाठीवरून कुणी हात फिरवावा तसं वाटलं.

गोळ्या-इंजेक्शनांनी विजयश्री बरी झाली. पुस्तकं कमलबाईंनीच माळ्यावरून खाली काढली. आज सकाळी ती बॅग घेऊन परसात आली. मला शिवायची मनाई, म्हणून हात पाठीमागं धरून उभी राहिली.

"सुट्टीत येते, बिजले," म्हणाली. मग तिचं तिलाच आठवलं, तेव्हा मी नसणार. बसचा हॉर्न वाजला तेव्हा गेली.

वडीलधाऱ्यांनो, दूध उकळून प्या. गाभडलेली शेळी लपवू नका. आणि घरातली पोरगी आजारी पडली तर आधी तिचं शिक्षण तोडायला धावू नका. तिला काय पाजलंत ते आठवा.

माझी गाडी दुपारी यायचीय. तोवर ती वर्गात बसलेली असेल. चढताना मी ओरडले, तर तेवढं तिला कळू देऊ नका.