कॅप्टनसाहेबांचा सायलेन्सर

संस्थानाची फौज भारताच्या फौजेत विलीन झाली आणि तोफखान्याचे कॅप्टन संभाजीराव घरी बसले. तेव्हापासून त्यांच्या मोटारीचा सायलेन्सर सारखा फुटू लागला.

"इंजिन ठणठणीत आहे, बाईसाहेब," मेकॅनिक मधुसूदन त्यांच्या बायकोला, शालिनीताईंना म्हणाला. "पण चालत्या गाडीची किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, की साचलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये भडकतं. असं कोण करतं, ते बघा."

शालिनीताई दुसऱ्याच दिवशी गाडीत नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. थाटीपुरात नव्या सरकारच्या अधिकाऱ्यांचे बंगले लागले, तसा संभाजीरावांचा हात हळूच किल्लीकडे गेला. धडाम! व्हरांड्यात चहा पिणारे एक साहेब कपबशीसकट टेबलाखाली गेले.

"अहो, हे काय?"

"सलामी. फौज विलीन झाली, मी नाही झालो."

शालिनीताईंनी तोंडाला पदर लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते.

"गाडी वळवा," शेवटी त्या म्हणाल्या. "साहेब खाली जाताना दिसले, वर येताना बघायचे राहिले."

दुसऱ्या बाराला सायलेन्सर रस्त्यावरच गळून पडला. मग शिंदे की छावनीतल्या आपल्या घरापर्यंत दोघं गडगडाट करत, अगदी ताठ बसून आले.