चोविसाच्या पुढचे तास

या, जरा जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनो, तुम्हीही पुढे या. मला ओरडून सांगायची सवय नाही आणि ही गोष्ट ओरडायची नाहीच. माझ्या धाकट्या जावेची गोष्ट आहे. सांगताना माझी मान थोडी ताठ होईल, तेवढं चालवून घ्या.

धाकटीला मुलगी झाली ती दिवस भरायच्या बरीच आधी. पोर इतकी इवलीशी, की सासऱ्यांनी तिला बघताक्षणी 'चिमूट' म्हणून टाकलं. चिमूट काचेच्या पेटीत, आणि बाळंतिणीच्या अंगात ताप. तो उतरेपर्यंत बाळाजवळ जायचं नाही, म्हणून आई एका मजल्यावर, लेक दुसऱ्यावर. बाळाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पेटीच्या जोडीला माणसाची ऊब लागते. उघड्या छातीवर घेऊन बसा. आईला जमत नसेल तर घरचं कोणीही चालेल. जितका जास्त वेळ, तितकं बरं." देवाने माणसाला छाती दिली ती नुसती फुगवायला नाही, हे मला तेव्हा कळलं.

बसणारे आम्ही तिघं. एक मी, दुसरे सासरे, आणि तिसरे भावजी, म्हणजे धाकटीचे यजमान. भावजी फरशी बसवायचं काम करतात. छातीवरचे केस पोरीला टोचतील म्हणून त्यांनी ते पहिल्याच सकाळी काढून टाकले.

धाकटी बस डेपोच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावते. तिने पडल्या पडल्या मोबाईलवर एक शीट केली आणि आम्हाला पाठवली. कोण बसलं, किती वाजता बसलं, किती वाजता उठलं. त्याच्या पुढच्या रकान्यात शीट आपोआप वजाबाकी करणार, आणि सगळ्यात खाली बेरीज. म्हणाली, "मला तिच्याजवळ येता येत नाही. निदान ती कोणाच्या तरी अंगावर आहे, एवढं मला दिसू द्या."

सासऱ्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, 'पावणेदहा'. पुढच्या रकान्यात लगेच चूक आली. धाकटीचा फोन.

"बाबा, तिथे नऊ लिहा, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग पंचेचाळीस."

"अगं, पावणेदहा म्हणजे किती ते त्याला कळत नाही?"

"नाही कळत."

"आणि याला हुशार फोन म्हणतात."

पण शिकले. दुपारच्या एकला तेरा लिहायचं, हेही शिकले. म्हणाले, "आजवर माझे बारा वाजायचे, सुनेने तेरा वाजवले."

तीन दिवस धाकटीचा ताप चढता होता. मोबाईल उशाशी नुसता पडून. चौथ्या दिवशी सकाळी अंग जरा निवलं. मी तिच्या केसांतून फणी फिरवत होते, भावजी नुकतेच वर आले होते. तिने शीट उघडली. पहिली नजर कुठे जाणार? खालच्या बेरजेवर. तिथे होतं १:४५.

"चार दिवसांत पावणेदोन तास?" ती इतकं हळू बोलली की भावजींनी पुन्हा विचारलं.

"काय म्हणतेस?"

"पोर चार दिवसांत पावणेदोन तास अंगावर होती. बाकीचा वेळ कुठे होती?"

"अगं, मी कामावर गेलेलो नाही. बाबांची पाठ धरलीय बसून बसून."

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत. शीट तुझी."

"हो, माझी. आणि माझी शीट खोटं बोलत नाही."

आता बघा, दोन-तीन वाक्यांत संसार कुठून कुठे जातो. एवढा दांडगा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी म्हटलं, "मी स्वतः बसलेय गं. माझ्यावर तरी विश्वास ठेव."

"ठेवायचाय, ताई. म्हणून तर बघतेय." डोळे भरलेले, पण बोटं थांबली नव्हती. तिने एकेक ओळ तपासली. ओळी सगळ्या बरोबर. मग शेजारी नवा रकाना काढला आणि प्रत्येक ओळीपर्यंतची बेरीज त्या त्या ओळीसमोर मांडली. आकडा चढत गेला, अठरा, एकवीस, तेवीस. आणि पुढच्याच ओळीला धपकन अर्ध्या तासावर.

"ताई, इथे पडतोय."

"काय पडतंय?"

"आकडा. चोविसाला पोचला की पडतोय." ती उठून बसली. "शीट याला घड्याळ समजतेय. घड्याळ कसं, दिवस भरला की पुन्हा शून्यापासून. डेपोत मी एका माणसाची एका दिवसाची ड्यूटी मांडते, चोविसाच्या पुढे कधी जावंच लागलं नाही. तास गेलेले नाहीत, ताई. शीटने त्यांचे दिवस करून पोटात ठेवलेत आणि मला वरचे उरलेले दाखवतेय."

"मग माग की परत."

तिने बेरजेचा तो चौकोन धरला, वेळ कशी दिसावी ते ठरवायची जागा उघडली, तिथल्या तासाच्या अक्षराला दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस घातले, म्हणजे चोविसाच्या पुढेही तास मोजतच जा, आणि दाबलं.

४९:४५.

 मग म्हणाली, "अहो, इकडे या."

भावजी आले.

"एकोणपन्नास तास पंचेचाळीस मिनिटं."

"असतील. मी मोजले नव्हते."

"मी मोजलेत." तिने त्यांच्या उघड्या गळ्याखाली तळवा ठेवला. "खुंट आलेत. टोचतील तिला."

"आत्ता काढून येतो."

"मघाशी मी बोलले ते..."

"शीटला बोललीस. मला कुठे काय?"

बाळाच्या वॉर्डातून मोठ्या सिस्टर दुपारी धाकटीचा ताप बघायला वर आल्या, तर धाकटीने त्यांच्यासमोर मोबाईल असा धरला, जसं लेकराचं पहिलं बक्षीस दाखवावं. म्हणाली, "ही माझी माणसं." सिस्टरनी बेरीज वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. मग इतकंच म्हणाल्या, "ताप आज असाच राहिला, तर उद्या तुमची ओळ."

आणि आली ती ओळ. नावाच्या रकान्यात तिने 'आई' लिहिलं, बसल्याची वेळ लिहिली, आणि उठल्याची जागा संध्याकाळपर्यंत रिकामीच राहिली.

तर आता घरी जा. देवापुढे हात जोडाल तेव्हा स्वतःचं मागून झालं की माझ्या धाकट्या जावेची आठवण ठेवा. अंगात कणकण असताना आमचा एकेक तास तिने शोधून काढला.