आप्पांची खुर्ची

डॉक्टर म्हणाले, "बाई, खुब्यातला मेलेल्या हाडाचा गोळा काढून स्टीलचा बसवलाय. आता जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर जन्मात बसायचं नाही. बसलात तर गोळा निसटेल. मग पुन्हा चालाल याची खात्री मी देत नाही."

आमचे मास्तर, म्हणजे माझे मालक, उशाशीच उभे होते. दोनदा "हो साहेब" म्हणाले. मी ऐकलंय.

हे शहात्तर सालचं. विहिरीच्या पायरीवरून पडले, तर गावातल्या हाडं बसवणाऱ्यानं दीड महिना बांबूच्या कामट्या बांधून ठेवलं. आत हाड मेलं आणि घरातले म्हणत राहिले, बरं व्हईल. माझा भाऊ आला, त्यानं आरडाओरडा केला, तेव्हा कुठं मला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हणजे चूक यांची आणि खुबा माझा गेला.

तीर्थपुरीजवळच्या आमच्या घरात बसायला काय होतं? एक जमीन. एक बाज, ती मधे इतकी खचलेली की बसलं की गुडघे छातीला लागतात. आणि एक खुर्ची. खुर्चीवर सासरे बसत, पुंजाराम आप्पा. त्यामुळे दोन महिने मी एकतर आडवी असायची नाहीतर कुबडी घेऊन उभी. भाकरीसुद्धा फडताळावर ताट ठेवून उभ्यानं खायची. परसाकडचं तर विचारूच नका. तिथं माझ्या लेकीनं, बेबीनंदानं, विटा रचून उंच बैठक करून दिली. सतरा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते वीस वर्षं शाळा शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

आणि घर काय थांबलं होतं? चार लेकरं, दोन म्हशी, त्यात पेरणीचे दिवस. मी बाजेवर पडून शेळ्या हाकत होते. आई, मीठ कुठंय. आई, माझी चड्डी. म्हैस दूध देईना, आई काय करू. भेटायला येणाऱ्या बायका चहा पिऊन जात, वर "आराम करा" सांगून जात. त्यांचा चहा मी कुबडीवर लोंबकळत चुलीकडे ओरडून करवून घ्यायचा, हा माझा आराम.

मास्तरांना म्हटलं, "सुताराकडून मला एक उंच स्टूल तरी करून आणा."

"सांगतो की. सापडून तं राह्यला पायजे."

"मंग तवर आप्पा मळ्यात गेले की त्यांची खुर्ची द्या."

मास्तरांनी बाहेर पाहिलं. ओसरीवरून आप्पाच बोलले, "आमच्या घरात सुना सासऱ्याच्या जाग्यावर बसत न्हाईत."

त्या खुर्चीची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. आप्पांचं अर्धं आयुष्य पाटलाच्या ओट्याखाली मातीत बसून गेलं. पाटील वर, आप्पा खाली, हात जोडलेले. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या वर्षी आप्पांनी जालन्याच्या बाजारातून ही सागवानी खुर्ची विकत घेतली. गाडीत नाही टाकली. डोक्यावर घेऊन गावच्या मधल्या रस्त्यानं, पाटलाच्या ओट्यासमोरून आणली. ओसरीवर ठेवली, बसले आणि म्हणाले, "आजपासून या घरातलं कुणी कुणापुढं खाली बसणार न्हाई." मी तेव्हा थोरल्याला पोटाशी धरून दारात उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तिसऱ्या महिन्यात मंठ्याहून बेबीनंदाला बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी मास्तर बाजेपाशी आले. मास्तर गोड बोलायला लागले की मी सावध होते.

"बेबीची आई, एक ऐक. उद्या घडीभर सतरंजीवर बस."

"काय?"

"पाय लांब करून बस. पाहुण्यांची बाई बसणार, तू उभी राह्यलीस तं बराबर दिसत न्हाई. आई अधू म्हटल्यावर पोरीकडं बी संशयानं बघतेत लोक. घडीभरानं काय व्हतंय?"

"तुमी हो साहेब म्हन्ले व्हते."

"आप्पांनी सांगितलंय," मास्तर म्हणाले आणि निघून गेले. शाळेत पोरांना समतेचे धडे देतात हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

रात्रभर मी विचार केला. लेकीचं लग्न मोडलं तर खापर माझ्यावर. आणि गोळा निसटला तर? तर मी जन्मभर बाजेवर, आणि बेबीनंदा लग्न होऊन गेल्यावर विटा रचायलाही कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. जयभीम झाला. मुलाचे वडील आणि मुलगा सतरंजीच्या एका अंगाला, मुलाची आई दुसऱ्या अंगाला. आप्पा खुर्चीवर. मी पदर घेऊन कुबडी दाराआड लपवली आणि चौकट धरून उभी राहिले.

"या की विहीणबाई, बसा," मुलाची आई सरकून म्हणाली.

मास्तरांनी डोळ्यांनी खुणावलं. बस.

मी चौकट धरून वाकायला लागले. वाकले, आणि खुब्यात आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. भीतीनं घाम फुटला. त्या भीतीतूनच राग वर आला आणि मी सरळ झाले. दाराआडची कुबडी घेतली. ठक ठक करत सगळ्यांच्या मधून आप्पांपुढं जाऊन उभी राहिले.

"आप्पा, उठा."

"काय?"

"उठा. मला बसायचंय."

मास्तर ताडकन उठले. "अगं, येड लागलं का? पाहुणे बसून राह्यलेत!"

"बसलेत ना? मंग मीच काय गुन्हा केला? आप्पा, तुमाला पाटलानं मातीत बसवलं. मला तुमी बसवून राह्यले. ही खुर्ची आणली तव्हा तुमी म्हन्ले व्हते, या घरातलं कुणी खाली बसणार न्हाई. मी या घरातली न्हाई का?"

तेवढ्यात बेबीनंदा पोह्यांचं ताट घेऊन आली. तिनं आधी सतरंजीवर बसायचं, मग प्रश्न विचारायचे, अशी रीत. तिनं ताट खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बस पोरी," मुलाचे वडील म्हणाले.

"आई बसल्याबिगर मी बसणार न्हाई."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्या कुबडीकडं. मग हातावर जोर देऊन उठले. मी बसले. दोन महिन्यांनी बसले. पाठ टेकली, पाय काटकोनात जमिनीला लागले आणि हुंदकाच यायला लागला, तो मी दाबला. रडले असते तर सगळ्यांची सुटका झाली असती.

मास्तर आप्पांना सतरंजीवर बसा म्हणाले. आप्पा बसले नाहीत. खाली बसायची सवय त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी सोडली होती. पाहुणे जाईपर्यंत खांब धरून उभे राहिले. त्यांचे पाय थरथरताना मला दिसत होते. मनात आलं, राहा उभे. एका दुपारचं एवढं, मी दोन महिने काढले.

मंठ्याहून अजून होकार नाही, नकारही नाही. बेबीनंदा म्हणते, आधी मॅट्रिक.

सुतार मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. दोन महिने जो सापडत नव्हता तो. फूटपट्टी काढून त्यानं विचारलं, "खुर्ची कुणाच्या मापाची करायची?"

"आप्पांच्या," मास्तर म्हणाले.

मी ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होते. उठले नाही.