डस्टरच्या पाठीवरची खाच

मी एक जुना, उपयोगी आणि सेवाभावी—

पुसलं. हे निबंधातलं वाक्य झालं. पुन्हा सांगतो.

मी एक जुना डस्टर आहे. मित्रांनो, माझी पाठ सागाची आहे. महाळुंगे पडवळच्या सावळेराम सुतारांनी ती दाराच्या जुन्या चौकटीतून कापली आणि खाली घोंगडीचा तुकडा ठोकला. चौकट डोंगरातल्या एका गावातली. धरण होणार म्हटल्यावर तिथल्या माणसांनी घरं उतरवली. दारं, तुळया खाली आणल्या, काही विकल्या. गाव पाण्याखाली गेलं. मी शाळेत आलो.

मग पुसत राहिलो. गणितं, सुविचार, गैरहजर मुलांचे आकडे. पुढे वर्गात फळ्याशेजारी डिजिटल पडदा लागला आणि मी खिडकीत पडून राहिलो. पाली माझ्यावरून जात.

प्रतिभाबाईंनी मला उचललं ते वेगळ्याच कामासाठी. शनिवारी मराठीचा तास संपत आला की सातवीची मुलं गोल बसतात. शिकलेल्यातलं काय मनात राहिलं, ते सांगायचं. डस्टर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गाईडमधलं वाक्य आलं की बाई म्हणतात, "पुसा."

त्या शनिवारी काठोकाठ भरलेल्या तळ्याची कविता झाली होती.

"पाणी हे जीवन आहे, हे मी शिकलो," समर्थ म्हणाला.

"पुसा."

"बरं. धरण भरलं की कालव्याला पाणी येतं, मग आमच्या कांद्याला. मागं भरलं तवा आमच्या आबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. कवितेतल्या माणसालाबी तसंच वाटलं आसंल."

"मला अर्धाच दिला, राव," ऋषी म्हणाला. मुलं हसली.

मी इंद्रायणीकडे आलो. ती यंदाच डोंगरातून मामाकडे शिकायला आलेली. दर वेळी मला न बोलता पुढे द्यायची. आज दिलं नाही.

"बाई, मला कविता न्हाई पटली."

"का गं?"

"त्याला भरल्यालं पाणी बघून आनंद होतो. धरण भरलं की माझी आजी चूल पेटवत न्हाई. आमचं गाव खाली हाये. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमी जातो. आजी चिखलात उभी ऱ्हाती आन सांगती, हितं दार व्हतं."

"दार दिसतं?" ऋषीनं विचारलं.

"जागा दिसती. दार इकलं."

माझ्या पाठीवर कडीची जुनी खाच आहे. तिचं बोट त्या खाचेत होतं. मी कोणाच्या दाराचा, मला ठाऊक नाही. धरण मात्र तेच. सांगावंसं वाटलं. मला तोंड—

"बाई," तिनं हळूच विचारलं, "हे पुसू?"

बाई काही बोलण्याआधी समर्थ म्हणाला, "नको पुसू." मग खाली बघून, "आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

यंदाही धरण भरलं. समर्थ पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात आला. इंद्रायणीच्या बाकापाशी थांबला. पुडा न उघडता दप्तरात ठेवला आणि तिच्या शेजारी बसला.

मित्रांनो, मला नीट ठेवा, फेकू नका. आणि फळा पुसण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा.

मी एक जुना डस्टर—

पुसलं.

मी एका दाराची चौकट आहे.