जबानीच्या चार दिवस आधी

ईस्टरच्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिलो कोलारिक स्वतः पिकअप चालवत ऑर्डेलच्या इस्पितळात आला आणि डॉक्टर एमेट लिंडक्विस्टला म्हणाला, "छातीवर बैल बसलाय. उठवता येतो का बघ."

एमेट तिथला कायमचा डॉक्टर नव्हता. ओमाहाच्या विद्यापीठाच्या इस्पितळात तो शिकाऊ डॉक्टर होता, दुसऱ्या वर्षाला. शनिवार-रविवार नेब्रास्काच्या या टोकाला येऊन जास्तीचं काम करायचा. शिकाऊ परवाना विद्यापीठाच्या भिंतींच्या आतच चालतो. बाहेर काम करायचं तर राज्याचा पूर्ण परवाना लागतो, विभागप्रमुखांचं संमतिपत्र लागतं आणि विमाही वेगळा लागतो. परवाना आणि पत्र त्याने रीतसर मिळवलं होतं. विमा ऑर्डेलच्या इस्पितळाने काढून दिला, सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरांना देतात तसला, स्वस्तातला. सतरा पानं होती. एमेटने नर्सच्या टेबलाशी उभ्या उभ्या शेवटच्या पानावर सही ठोकली. दुसऱ्या हातात जर्दाळू भरलेला गोड पाव होता, व्हर्नाने घरून आणलेला.

व्हर्ना म्हणजे मिलोची बायको. शनिवारी ती इस्पितळाच्या दाराशी बसून आल्यागेल्याला वाट दाखवायची, बिनपगारी.

"थँक्यू, मिसेस कोलारिक," तो पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा ती फिस्कन हसली होती. "मिसेस कोलारिक माझी सासू होती रे, आणि ती कुणालाच आवडायची नाही. तू आपलं व्हर्ना म्हण. आणि अजून एक खा, गालफडं बसलीत तुझी."

त्या रविवारी व्हर्ना चर्चमध्ये होती. मिलो तिला म्हणाला होता, "गाय विते आहे, तू हो पुढे, मी मागून येतो." गाय वगैरे काही नव्हती. पहाटेपासून त्याला घाम फुटत होता.

हृदयाचा आलेख काढल्यावर एमेटला शंका उरली नाही. त्याने गुठळी विरघळवायचं औषध सुरू केलं. नर्स नोरीन बाहेर जाऊन हेलिकॉप्टरसाठी फोन लावू लागली. वारा फार होता, तिकडून कुणी हो म्हणेना.

"व्हर्नाला बोलावून घेतो," एमेट म्हणाला. चर्च दोन गल्ल्यांवर होतं.

मिलोने त्याचं मनगट धरलं. "थांब. आज तिचं एकटीचं गाणं आहे. नऊ आठवडे न्हाणीघरात सराव करतीय, मी भिंतीपलीकडून ऐकतोय. मधेच उठवून आणलीस तर मला जन्मात माफ करायची नाही. अकराला सुटतं चर्च. मग सांग."

एमेटने घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस. पंचवीस मिनिटांनी काय बिघडतंय, असं त्याला वाटलं.

दहा सत्तेचाळीसला मिलोचं हृदय थांबलं. सव्वाअकरापर्यंत एमेट आणि नोरीन आळीपाळीने छाती दाबत राहिले. मग एमेटने मृत्यूची वेळ उच्चारली आणि नोरीनने चर्चला फोन केला.

व्हर्ना गायकवृंदाचा निळा झगा अंगावर तसाच घेऊन आली. मिलोच्या गालाला हात लावला आणि एवढंच विचारलं, "मला का नाही बोलावलं? दोन गल्ल्या तर होत्या."

एमेटला वाटलं, आत्ता नको. जरा शांत होऊ दे. दफनाच्या दिवशी बाजूला बसवून सगळं नीट सांगू.

मंगळवारी विमा कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. कॉन्स्टन्स ऑल्मर त्यांचं नाव. आवाज गोड होता.

"पान नऊ, डॉक्टर. मृताच्या घरच्यांशी कंपनीच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही. बोललात तर आमचं संरक्षण संपलं."

"बाईंनी फक्त एक प्रश्न विचारलाय."

"सगळे खटले एका प्रश्नानेच सुरू होतात."

"मग निदान नोंदीत लिहितो. तो स्वतः म्हणाला होता, तिला बोलावू नका."

"रविवारी लिहिलंत?"

"नाही. माझे हात त्याच्या छातीवर होते."

"मग आता लिहाल तर कोर्टात त्याला खाडाखोड म्हणतील. पेनाला हात लावू नका. आणि दफनाला जाऊ नका."

तो गेला नाही. मे महिन्यात व्हर्नाचं पत्र आलं, ऑगस्टमध्ये दुसरं. पहिल्यात 'अरे एमेट' होतं. दुसऱ्यात 'डॉक्टर, आपण'. प्रश्न दोन्हींत तोच. दोन्ही पत्रं त्याने नियमाप्रमाणे वकीलबाईंकडे पाठवली. उत्तर कुणीच दिलं नाही.

नोव्हेंबरात तिने दावा लावला.

शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीत त्याचा मित्र रॉस्को म्हणाला, "लेका, तुझ्यावर खटला झालाय, लॉटरी लागल्यासारखा काय बसलायस?"

"जबानी होणार," एमेट म्हणाला. "शपथेवर. तिचा वकील मला विचारणारच, का नाही बोलावलं म्हणून. मग मला उत्तर द्यावंच लागेल. ती समोर बसलेली असेल."

"आणि परवाना गेला तर?"

"जबानी तर होईल."

तारीख ठरली सोळा जून. एमेट गाडीत, आंघोळीत, वॉर्डातल्या फेरीआधी मिलोची वाक्यं मनात म्हणून बघायचा. आपल्याकडून त्यात एकही शब्द इकडचा तिकडे व्हायला नको होता.

बारा जूनला फोन आला. "अभिनंदन, डॉक्टर," वकीलबाई म्हणाल्या. "तडजोड झाली."

"मी हो कुठे म्हटलं?"

"पान अकरा. तुमचा होकार लागत नाही. महागड्या विम्यात लागतो, तुमच्यात नाही. लढण्यापेक्षा मिटवणं कंपनीला परवडतं."

"म्हणजे जबानी?"

"कसली जबानी? दावाच उरला नाही. तुमचं नाव तेवढं दावे झालेल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाईल. इथून पुढे परवान्याच्या प्रत्येक अर्जात विचारतील, दोन ओळींत उत्तर द्यायचं, मसुदा मी पाठवते. आणि हो, दोन्ही बाजूंनी सह्या झाल्यात. या विषयावर कुणी कुणाशी बोलायचं नाही."

शनिवारी तो ऑर्डेलला गेला. व्हर्ना ओसरीवर वाटाणे सोलत होती. ती उठली नाही, बसही म्हणाली नाही.

"तुम्ही यायला नको होतं, डॉक्टर."

"माहितेय. पण तुम्ही जे विचारलं होतं, ते मला सांगायचंय."

"तेव्हा विचारलं होतं." तिने एक शेंग उकलली. "चौदा महिने कुणी तोंड उघडत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? आपलं आपणच रचतो. मीही रचलं. मिलो तिथे पडलाय आणि म्हणतोय, व्हर्नाला बोलवा. तुम्ही लोक नळ्या लावण्यात गुंतलात आणि विसरलात. मला तुमचा राग येतो, इस्पितळाचा येतो. त्याचा येत नाही. माझाही येत नाही. तेवढ्यावर मी झोपते."

एमेट पायरीवर उभा होता. वाक्यं ओठांवर होती, क्रमाने.

"परत गायले नाही मी," ती म्हणाली. "जमतच नाही. मी चर्चमध्ये आवाज लावत होते आणि तो तिकडे इस्पितळात माझं नाव घेत होता." मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "नाव घेतलं होतं ना त्याने? बोलवा म्हणाला होता ना?"

गाण्यासाठी मिलोनेच बोलावू दिलं नाही तुम्हाला, एवढं सांगायचं होतं. ते सांगितलं की आयुष्यभर तिला त्या गाण्याचा हिशेब मांडत बसावं लागणार, हे एमेटला त्या पायरीवर दिसलं. चौदा महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "दोनदा म्हणाला. माझ्या लक्षातून गेलं."

"तुमच्या?"

"माझ्याच. चूक माझी होती, व्हर्ना."

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली. मग वाटाण्यांची परात उचलून आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.