रविवारचा जनरेटर

माझ्या नवऱ्याला, प्रज्ञेशला, जनरेटर फक्त ऐकायचा असायचा. दर रविवारी विहारातून आला की टाकव्यातल्या आमच्या घरामागं जाऊन तो जनरेटर चालू करायचा, दहा मिनिटं आवाज ऐकायचा आणि बंद करायचा. सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठीच तर घेतला होता.

"अरे, नुसता धडधडवून काय उपयोग? खटका फिरवून घर त्याच्यावर चालतंय का ते बघ," मी दर वेळी कावायचे.

"खटका फिरवला की आईचं मशीन मिनिटभर बंद पडतं. माझा धीर होत नाही."

गेल्या मंगळवारी भर दुपारी वीज गेली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. प्रज्ञेशनं खटका फिरवला, पण घरात काहीच लागलं नाही. जनरेटरकडून घरात येणारी वायर उंदरांनी कुरतडली होती. मागं जनरेटर गुरगुरत होता आणि आत सासूबाईंचे ओठ निळे पडत होते. शेवटी मी शेजारच्या राजमहंमदभाऊंकडची लांब वायर आणली, खिडकीतून थेट जनरेटरला जोडली, तेव्हा कुठं मशीन चाललं. प्रज्ञेश भिंतीला टेकून रडत होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

वायर बदलून झाली. तरी या रविवारी तो घरामागं जाईना. सासूबाईंनी त्याला जवळ बोलावलं. नाकातली नळी स्वतःच्या हातानं काढून उशीवर ठेवली.

"जा, फिरव खटका," त्या म्हणाल्या. "मी हाय हितं."