पार्वतम्माला जमेल असं

"साब, बैल लाल झाला!"

जिलानी टेबलाखाली केबल बसवत होता. त्यानं डोकं बाहेर काढेपर्यंत पार्वतम्मा मागच्या रांगेत पोचलीही होती. बैलाचं चित्र चिकटवलेल्या संगणकाचं बटण तिनं दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पडदा उजळला. मुलगा सोडवत होता तोच प्रश्न जिथल्या तिथे परत आला.

"घे. सोडव आता," ती म्हणाली आणि पदरानं हात पुसत दारापाशी गेली. तिथल्या मोठ्या पडद्यावर सगळी चित्रं पुन्हा हिरवी होती.

लातुरात अमृतराव सरांच्या क्लासमध्ये सराव परीक्षा संगणकावर व्हायच्या. भंगारातून आणलेले साठ संगणक एका मोठ्या यंत्रावर चालत. प्रत्येकाला एक चित्र होतं: बैल, छत्री, आंबा, कोंबडा. संगणक अडकला की त्याचं चित्र लाल व्हायचं. आकडे घालून भागलं असतं, पण पार्वतम्माला वाचता येत नव्हतं.

आधी इथे चोरीच्या सीडीवरून सगळं चालायचं. मग कुठून तरी नोटीस आली, सर घाबरले. "फुकट आन् कायदेशीर असं कायी असतं का?" त्यांनी विचारलं. जिलानीनं लिनक्स नावाची प्रणाली सुचवली. पहिल्या महिन्यात काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, आज्ञा टाईप करून आत जावं लागायचं. उमरीची, हिमायतनगरची, इस्लापूरची पोरं. त्यांतल्या निम्म्यांनी माउसही धरलेला नव्हता. एक मुलगी पेपर अर्धा टाकून रडत निघून गेली. त्या दिवसापासून जिलानी एकेक आज्ञा पडद्यामागं ढकलत गेला. यात वर्ष गेलं. अखेर एक बटण उरलं. सकाळी ते दाबलं की साठ पडदे उजळत आणि परीक्षा समोर येई.

सोपं झालं की नाही, हे तो पार्वतम्मावर तपासायचा. किल्लारीच्या भूकंपात तिची सासर-माहेर दोन्हीकडची माणसं दगडाखाली गेली. ती लातुरात आली आणि क्लास दोन खोल्यांचा होता तेव्हापासून इथे झाडू मारत होती. तिला जे जमणार नाही ती जिलानी आपली चूक समजायचा आणि पुन्हा बसायचा. पोरं चिडवायची, "सर, ही बालवाडी हाय का? मला कोंबडा कामून दिला?"

"तू उशिरा उठतो म्हणून."

त्या दिवशी, बैल लाल झाला तेव्हा, अमृतराव सर दारात उभे होते.

"ही करती हे?" त्यांनी विचारलं.

"हाव सर," जिलानी म्हणाला. "मी सुट्टीवर असलो तरी आता अडत न्हाई."

हे सांगताना त्याला अभिमान वाटला होता.

पुढच्या सोमवारी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"लई मोठं काम केलं जिलानीभाई तुमी. साठ मशिनी आन् एक बटन. बरं, आता रोज काय करता तुमी?"

"लक्ष ठेवतो, सर."

"कशावर?"

जिलानीनं चहाचा कप खाली ठेवला. जे सांगण्यासारखं होतं ते करून झालं होतं.

"तेच म्हनतो मी," सर मायेनं म्हणाले. "तुमच्यासारख्या मानसाला इथं बसवून ठेवनं, हा तुमच्यावरच अन्याय हाय. या महिन्यानंतर मोकळे व्हा. बटन काय, पार्वतम्मा दाबंल."

महिनाअखेरीस क्लासच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार ठरला. शाल-नारळ दिल्यावर माणूस भांडत नाही, हे सरांना अनुभवानं माहीत होतं.

घरी बायकोनं, अख्तरीनं, सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "इतना आसान कायकू करे जी?" एवढंच तिनं विचारलं.

नांदेडच्या कॉलेजात लॅब सांभाळणारा त्याचा मित्र रविकांत फोनवर हसला. दोघं लिनक्स एकाच वेळी शिकले होते.

"माझ्याकडं अजून काळाच पडदा हाय," रविकांत म्हणाला. "प्राचार्य आत आले की मी दोन-तीन आज्ञा मारतो. त्यांना कळत न्हाई, ते गप निघून जातात. तू सगळं झाकून ठिवलं, येड्या. दिसतच न्हाई तर पगार कशाचा?"

"पोरांना अवघड जायचं रे."

"मग जाऊ दे की! अजून तीन दिवस हायत ना तुझे? एक गाठ मारून ठेव. महिन्यानं समदं बंद पाडंल अशी. बोलावतील बघ हात जोडून."

शेवटच्या दिवशी जिलानी मोठ्या यंत्रासमोर बसला. त्यानं बऱ्याच दिवसांनी काळा पडदा उघडला. गाठ मारायला एक ओळ पुरे होती, ती त्याला पाठ होती. पण पडद्यावर आधी एक जुनी नोंद दिसली: वीज गेली आणि लगेच आली तर छत्रीचा संगणक कधीकधी उठत नसे. हे त्याच्याकडून राहून गेलं होतं. तो ते दुरुस्त करत बसला. वीज दोनदा घालवून आणून बघितली. छत्री उठली. तोवर हॉलमधून सत्कारासाठी बोलावणं आलं, आणि तो उठून गेला.

गाठ मारली नाही याची त्याला त्या वेळी फार खंत नव्हती. त्याचा हिशोब वेगळा होता. जुनी यंत्रं, लातूरचा उन्हाळा, दिवसात दहादा जाणारी वीज. न मारताही हे सगळं आपोआप बंद पडणार होतं.

त्यानं एका मोबाइलच्या दुकानाबाहेर टेबल टाकलं. लॅपटॉप दुरुस्त करू लागला. लोक चोरीच्या सिस्टिम आणत, त्यात व्हायरस शिरत, तो काढून दिला की पुढच्या महिन्यात नवा घेऊन येत. त्याच्यावर घर चाललं. फोन मात्र तो कायम शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. उन्हाळा गेला. वीज गेली, आली. क्लासच्या पोरांना तो वाटेत विचारायचा, "लॅब बरी चालती का?"

"एकदम भारी, सर!"

त्याला हे उत्तर नको असायचं.

दीड वर्षानं पार्वतम्मा टेबलापुढं येऊन उभी राहिली. जिलानी उठलाच. "काय झालं? किती लाल झाले?"

"अय्यो, लाल कुठले, साब! समदं चालू हाय." ती स्टुलावर टेकली. "एक काम होतं. सकाळी लॅब मी उघडते, परीक्षा मी लावते, संध्याकाळी बंद मी करते. वरून पाची मजले झाडते. पगार झाडूवालीचाच हाय. सरला म्हनलं वाढवा. सर म्हनते, बटन दाबायला कशाचा पगार?"

"मग?"

"तुमी एकदा चला ना. तुमचं ऐकतील. सांगा की हे काम अवघड हाय म्हनून."

जिलानीनं हातातला लॅपटॉप मिटला. मग त्यानं शेजारच्या दुकानदाराला टेबलाकडं बघायला सांगितलं.

क्लासला आता पाच मजले झाले होते. अमृतराव सर लॅबमध्येच भेटले. पालकांच्या एका घोळक्याला ते पडदे दाखवत होते. जिलानीला बघून त्यांना खरोखरच आनंद झाला. "हे बघा, यांनीच केलं हे सगळं," त्यांनी पालकांना सांगितलं. दोघांनी हात मिळवला.

पालक पुढं सरकल्यावर जिलानीनं विषय काढला. "सर, पार्वतम्मा जे करती ते ऑपरेटरचं काम हाय. दिसतं तेवढं सोपं न्हाई ते. आत लई भानगडी असतात."

"असतील की," सर म्हणाले. "पन हिला कळतात का त्या?"

"कळायची गरज पडू नये असंच केलंय ते. तरी जबाबदारी हायच की, सर. साठ पोरांचा पेपर तिच्या हातात असतो. एखाद्या दिवशी बंद पडलं तर?"

"पडलं का आजवर?"

दारापाशी मोठ्या पडद्यावर सगळी चित्रं हिरवी होती.

"बरं, ते सोडा," सर म्हणाले. त्यांचा सूर चांगला होता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं. "नवा मानूस ठिवला तर त्याला शिकायला किती दिवस लागतील? तुमी खरं सांगाल म्हनून विचारतो."

जिलानीनं पार्वतम्माकडं बघितलं. सहा महिने, असं तो म्हणणार होता. आयुष्यात एवढं एकच खोटं, तेही तिच्यासाठी. त्यानं तोंड उघडलं.

"दिवस कशाचे वो सर!" पार्वतम्मा मध्येच बोलली. जिलानीसाबाचं कौतुक करायची संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती. "साबनं मला एका दुपारी शिकवलं. एका दुपारी! मी अंगठेबहाद्दर बाई, मला जमलं. इतकं सोपं करून दिलं बगा त्यांनी. कुनालाबी जमंल."

ती हसत जिलानीकडं बघत होती. तो हसत नाही म्हटल्यावर तिचं हसू हळूहळू गेलं. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

सरांनी घड्याळ बघितलं. "पार्वतम्मा, बॅच आली. लावून दे."

पोरं आत घुसली. पार्वतम्मानं पाठ वळवून बटण दाबलं. साठ पडदे एकदम उजळले.

"चहा घेऊनच जा, जिलानीभाई," सर म्हणाले आणि पालकांच्या मागं गेले.

चहा घ्यायला तो थांबला नाही. लॅबच्या दाराबाहेर पोरांच्या चपला-बुटांचा ढीग पडला होता. त्याची एक चप्पल सापडली, दुसरी कुठंतरी खाली गेली होती. वाकून तो एकेक जोड बाजूला करू लागला. मग दुसरी चप्पल हातात आली तरी ती न घालता तसाच उभा राहिला, दाराकडं कान देऊन.

आतून फक्त माउसचा आवाज येत होता. कुणी हाक मारली नाही.